हलकं काम

माझ्या भावजयीला आमच्या धाग्याच्या कारखान्यात सगळे 'पारखी' म्हणतात. हे नाव तिला मुकादमांनी दिलं आणि ते इतकं चिकटलं की घरी माझा भाऊसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारतो. शंभर निळ्यांतून हवा तो एक निळा ती काढून देते. कारखान्यात आमचे मजले वेगळे, त्यामुळे माझी-तिची पहिली भेट झाली ती भावाने तिला घरी आणलं तेव्हा, आणि मी त्या दिवसासाठी मुद्दाम नवे निळे कपडे घातले होते. हातातलं पाणी संपायच्या आत ती म्हणाली, "ताई, हा निळा नाही. याच्यात हिरवं आहे." पोरगी आगाऊ आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ती गेल्यावर खिडकीशी जाऊन बघितलं, तर खरंच त्यात हिरवं होतं. त्यामुळे माझा राग दुप्पट झाला.

रागाचं आधीच सांगून ठेवते. तो माझ्या नाकावरच बसलेला असतो आणि नाक चांगलं ऐसपैस आहे. भाऊ अगदी उलटा. तो टपाल वाटतो, दिवसभर पायी हिंडतो आणि संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसतो. कुणाशी भांडायची वेळ आली की तो मला पुढे करतो आणि स्वतः टबात बसून राहतो.

आमच्या कारखान्यात खालच्या मजल्यावर रिळं भरायची मशिनं आहेत आणि त्यांच्या पाठीमागे खोकीखातं. तिथे मी बसते, पुठ्ठ्याची खोकी घडवते आणि आलेली रिळं त्यांत भरते. वरच्या मजल्यावर रंगखातं. पांढऱ्या धाग्याच्या लड्या हौदांत बुडवून तिथे रंगवतात. रंग जुळवणारी माणसं तिथे दोनच: एक मुकादम, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आणि दुसरी आमची पारखी. गिऱ्हाईक कापडाचा नमुना पाठवतं. धागा त्या कापडाशी असा जुळला पाहिजे की शिवण कुठे आहे ते कळता कामा नये. पारखी रंगाची भुकटी तोलते, हौदात कालवते, दांड्याने ओली लडी वर उचलते, पिळते, खिडकीशी नेऊन नमुन्याशेजारी धरते आणि मग मान हलवते. तिची मान हलेपर्यंत रंग पास नाही. हौद घासण्यापासून सुरुवात करून त्या खिडकीपर्यंत पोचायला तिला सहा वर्षं लागली. त्या जागेवर तिचा इतका जीव की लग्नाची तारीखसुद्धा एक मोठा माल निघून गेल्यावर ठरली. माझ्या भावाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तर पारखीला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला. भावाने पत्रं वाटता वाटता अर्ध्या गावाला सांगून टाकलं. चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली: 'सदर महिला गरोदर आहे. तिला हलके काम द्यावे.' खाली सही आणि शिक्का.

मामांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. आजपासून तुला गडद रंग बंद."

आता मामांना हसण्यात अर्थ नाही. त्यांची तीस वर्षं रंगात गेली आहेत. रंगखात्यात हलका म्हणजे फिका. याखेरीज त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे त्यांच्या कानांनी कधी ऐकलेलंच नाही. त्यांना वाटलं, डॉक्टर शहाणी आहे, अशा दिवसांत डोळ्यांना गार वाटतील असेच रंग बरे. त्यांनी मोठ्या मायेने सगळे गुलाबी, आकाशी, मोतिया पारखीच्या हौदाकडे वळवले आणि काळे, तपकिरी, गर्द जांभळे स्वतःच्या अंगावर घेतले. तिला कुणी त्रास द्यायचा नाही, अशी खात्यात ताकीदही दिली.

मेख अशी की फिका रंग हेच तिथलं सगळ्यांत जड काम. काळ्यावर काळं ओतायचं तर हौद नुसता विसळला तरी भागतं. म्हणून आठवडा सुरू होतो तो फिक्याने, मग एकेक पायरी गडद होत जायचं, आणि काळं झालं की शेवटी एकदाच हौद घासायचा. पण गुलाबीनंतर लगेच आकाशी आणि आकाशीनंतर मोतिया घ्यायचा असेल, तर दर खेपेला हौद तळापासून घासावा लागतो. कोपऱ्यात टिपकाभर गुलाबी राहिला तरी सगळा माल नासतो. पारखी दिवसातून पाच वेळा तो हौद घासत होती. तिला मदत करायला कुणी गेलं की मामा म्हणायचे, "राहू द्या, तिला हलकं दिलंय."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त इतकंच दिसत होतं की खोकीखात्यात एकाएकी फिक्या रिळांचा पूर आला आहे. मला वाटलं, जगात सगळीकडे बाळंच जन्माला येताहेत आणि सगळ्यांच्या आया झबली शिवायला बसल्या आहेत. तिकडे घरी पारखी आली की पाय वर करून पडायची. भावाने दुसरा टब आणला. दोघं नवरा-बायको समोरासमोर टबात पाय सोडून बसलेली बघून मी पोट धरून हसले होते, त्याची आता मला लाज वाटते.

मग तिला डोहाळे लागले. बायकांना आंबट खावंसं वाटतं, गोड खावंसं वाटतं. हिने एक दिवस माझ्या जुन्या काळ्या छत्रीकडे टक लावून बघत म्हटलं, "ताई, ही जरा माझ्याजवळ ठेवू का? काळं बघून किती दिवस झाले."

हे काही मला बरं लक्षण वाटेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन वर गेले. रंगखात्यात कुणी दिसेना. मग एका हौदातून खरखर आवाज आला. जवळ जाऊन बघते तर पाच महिन्यांची गरोदर बाई कमरेपर्यंत हौदात वाकलेली आणि हातात ब्रश.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा बाहेरच्या बाकावर जेवत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? डॉक्टरने काय लिहून दिलंय आणि तुम्ही काय करायला लावताय?"

मामांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "हे बघा. हलके. तीन आठवड्यांत एक गडद लडी तिच्या वाट्याला जाऊ दिली असेन तर सांगा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "हलकं म्हणजे सोपं, मामा. वजनाला हलकं. अंगाला हलकं."

ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते इतके गोरेमोरे झाले की माझा राग बसायला जागाच उरली नाही. डबा तसाच टाकून ते आत गेले, पारखीला हाताला धरून हौदापासून दूर केलं आणि खुर्चीवर बसवलं. "तू का नाही बोललीस पोरी?" त्यांनी विचारलं. ती हातातला ब्रश पुसत राहिली. का बोलली नव्हती, ते मला लवकरच कळलं.

मामा म्हणाले, "ऑफिसात जाऊ या. काम बदलायचं तर तिथली सही लागते." आम्ही तिघं कामगार अधिकारी बाईंकडे गेलो. बाई टापटिपीच्या, टेबलावर कागदाचा कोपराही वाकडा चालत नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली, नियमांचं पुस्तक उघडलं आणि 'हलके काम' यावर बोट ठेवलं. त्यांच्या पुस्तकात त्या शब्दाचा तिसराच अर्थ निघाला. हलके काम म्हणजे खोकी घडवणे, लेबलं चिकटवणे, झाडलोट. पद: मदतनीस.

"उद्यापासून खाली खोकीखात्यात," बाई म्हणाल्या. "तुमच्या नणंदेशेजारीच. रंगजुळणीची जागा मग रिकामी होईल, तिथे आम्ही दुसरं माणूस घेऊ."

"आणि मी परत आल्यावर?" पारखीने विचारलं.

"तेव्हा जागा असेल तर बघू."

पारखीने हात पुढे केला. "ती चिठ्ठी मला परत द्या. मी हौद घासते."

ती बोलली नव्हती ती यासाठी. तोंड उघडलं तर खिडकी जाईल, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाठ मोडली तरी चालेल पण जागा सोडायची नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. बाईंनी विचार करायला दोन दिवस दिले आणि मामांनी तेवढे दिवस तिला हौदाजवळ फिरकू दिलं नाही.

संध्याकाळी घरी आमची जुंपली. एरवी ती मला ताई म्हणते. चिडली की वन्सं म्हणते.

"वन्सं, तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. "खोकी काय, कुणीही घडवतं. आज तिथे काय, उद्या इथे काय, तुम्हाला सारखंच."

भावाने टबातले पाय बाहेर काढले. त्याला ठाऊक होतं. तिला मात्र ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं.

मी अकरा वर्षांपूर्वी रिळांच्या मशीनवर होते. रिळं फिरवणाऱ्या बारा चात्या मी एकटी सांभाळायचे. कुठल्या चातीवरचा धागा आता तुटणार, ते मला नुसत्या आवाजावरून आधी कळायचं आणि तुटायच्या आत माझा हात तिथे पोचलेला असायचा. मग माझ्या मुलाच्या वेळी मलाही अशीच चिठ्ठी मिळाली होती. हेच दोन शब्द. तेव्हाचे साहेब म्हणाले, थोडे दिवस खोकी घडवा, नंतर बघू. नंतर माझ्या मशीनवर दुसरं कुणी होतं आणि साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला आता लहान मूल आहे, इथेच बरं. मी मान डोलावली. जिला मशीनचा आवाज कळायचा, ती भिंतीपलीकडून अकरा वर्षं तोच आवाज ऐकत खोकी घडवते आहे. माझा राग जन्मापासूनचा आहे असं लोक समजतात. तसं नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं, फार चांगल्या शब्दांत सांगितलं नाही. ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही भांडला का नाहीत?"

"भांडायला मी नंतर शिकले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत होते, पण खोलीत शिरल्यावर पारखीनेच सुरुवात केली.

"डॉक्टर, मला हलकं काम नको."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे काय, जड हवंय?"

"नाही. माझंच हवंय."

आणि मग तिने मामांच्या गुलाबीपासून ऑफिसातल्या पुस्तकापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई आधी गंभीर होत्या. हौदापर्यंत कथा आली तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला आणि 'हलकं दिलंय' ऐकल्यावर त्या हसून हसून रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "बावीस वर्षं मी हे दोन शब्द लिहितेय. कुणी परत येऊन सांगितलं नाही की पुढे त्याचं काय होतं." मग त्यांनी कोरा कागद ओढला. "सकाळी गेल्यापासून तू काय काय करतेस, एकेक सांग."

पारखी सांगत गेली आणि त्या लिहीत गेल्या. भुकटी उडते ती छातीत जाते, तोलायचं काम नको. वाफेजवळ थांबायचं नाही. ओली लडी उचलायची नाही, हौद घासायचा नाही. तासाभराहून जास्त सलग उभं राहायचं नाही. खुर्चीत बसून रंग बघायचा, नमुन्याशी जुळवायचा, कुठला रंग किती घालायचा ते सांगायचं, यातलं सगळं चालेल, अगदी दिवस भरेपर्यंत चालेल. कागद दोन्ही बाजूंनी भरला. हलके हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

तो कागद घेऊन आम्ही ऑफिसात गेलो तेव्हा मामा आमच्याआधी येऊन बसले होते, स्वच्छ शर्ट घालून. बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. पुस्तक उघडलं, बोट 'हलके काम' वर नेलं, थांबल्या, कारण तो शब्द या कागदावर नव्हता. मग त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं की गरोदर बाईचं मूळ काम थोडे फेरबदल करून करता येत असेल, तर पद बदलू नये, आणि रजेनंतर तिला त्याच पदावर घ्यावं.

"हे मी कधी लावलंच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "सगळ्या चिठ्ठ्या 'हलके' म्हणूनच यायच्या. मी पान उलटतच नव्हते." त्या वाईट नव्हत्या. त्या शब्दाला शब्द लावत होत्या, आणि शब्दच अपुरा होता. पण त्या एका न उलटलेल्या पानावर माझी अकरा वर्षं गेली होती.

बाईंनी विचारलं, "पण लड्या उचलायच्या कुणी? हौद?"

"मी," मामा म्हणाले.

"तुम्ही मुकादम आहात."

"तीन आठवडे तिला घासायला लावलं ते मुकादमानेच. आता मुकादम घासेल."

बाईंनी सही केली. कागदाचा कोपरा सरळ करून त्यांनी तो पारखीच्या हातात दिला, आणि बाहेर येईपर्यंत पारखी अगदी शहाण्यासारखी चालत होती. जिन्यात मात्र ती माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली आणि रडता रडताच म्हणाली की माझ्या नव्या रुमालात जरा जास्तच पिवळं आहे.

पुढचे चार महिने रंगखात्यात नुसती मजा होती. खिडकीशी पाठीला टेकू असलेली खुर्ची आली. भुकटी पलीकडच्या खोलीत दुसऱ्यांनी तोलायची असं ठरलं. मामा हौदावर उभे राहून दांड्याने लडी वर काढत, पिळत आणि तिच्यापाशी नेत. ती खुर्चीतून म्हणे, "मामा, चिमूटभर पिवळं." मामा परत हौदाकडे. "मामा, जास्त झालं." मामा परत. गडद रंग पुन्हा सुरू झाले आणि पहिली काळी लडी आली तेव्हा तिने ती पाच मिनिटं उगाचच हातात धरून ठेवली. महिन्यामहिन्याने तिचं पोट वाढत होतं आणि मामांचं उतरत होतं. सातव्या महिन्यात मामांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं. मामी म्हणे घरी विचारत होती, नक्की कुणाला दिवस गेलेत.

मुलगी झाली. लालबुंद, मुठी आवळलेली आणि आवाज माझ्यावर गेलेला. पारखीने तिला उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "हा लाल कुठल्याच नमुन्यात नाही." भाऊ रडला. मीही रडले, पण आधी त्याला 'काय रडतोस' म्हणून दटावून घेतलं.

रजा संपत आली तशी पारखी पुन्हा गप्प होऊ लागली. कागदावर सही होती, पण कागद आणि खुर्ची यांत बरंच अंतर असतं हे माझ्यापेक्षा कोण जास्त जाणतं? मध्यंतरी तिच्या जागी एक तात्पुरता माणूस आला होता. चांगला होता म्हणे. बाळ रात्री झोपू देत नाही, आपली नजर बोथट झाली असेल, अशीही तिला धास्ती. परत जायच्या सकाळी भावाने अर्धा दिवस रजा घेऊन लेकीला सांभाळायला घेतलं आणि मी पारखीबरोबर वरपर्यंत गेले. मला वर काही काम नव्हतं.

मामा दारातच होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "चार मिनिटं उशीर," म्हणाले आणि तिच्या हातात एक नमुना आणि एक लडी दिली. खुर्ची रिकामी होती. ती जाऊन बसली, लडी उजेडात धरली, जरा डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मामा, लाल थोडं कमी." मामा हौदाकडे वळले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई बाळंतपणाहून आली आणि आपल्या जागेवर बसून कामाला लागली, याहून जास्त तिथे काहीच घडलं नाही. मी दाराला धरून उभी राहिले आणि इतकी आनंदले की मला पाय उचलवेना.

मग मी जिना उतरले. खाली उजवीकडे खोकीखातं. मी डावीकडे वळले आणि ऑफिसचं दार उघडलं.

"बाई, मला रिळांच्या मशीनवर बदली हवी आहे," मी म्हटलं. "अकरा वर्षांपूर्वी मी तिथेच होते."

बाईंनी एक अर्ज काढला आणि पेन उघडलं. मशीनवरून खोक्यांकडे आलेली बाई परत मशीनवर जायला मागते आहे, हे त्यांच्यासमोर पहिल्यांदाच येत होतं. अर्जावरच्या रकान्यांवरून त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि एका जागी थांबलं.

"बदलीचं कारण लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "काही वैद्यकीय तक्रार आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "मला हलकं काम झेपत नाही."